सरकारांचं नाव

आमच्या घरात इनामदारांचं नाव तोंडाने घेत नाहीत. पणजोबांना गढीकडून चाकरीची जमीन मिळाली. बदल्यात दर पिढीत एकाने गढीची चाकरी करायची आणि आमच्यावर काही बेतलं तर गढीने सांभाळून घ्यायचं, असा ठराव. जमीन पुढे कायद्यात गेली, चाकरी मात्र जिभेवर राहिली. गढीच्या आताच्या वारसाला, धनंजयरावांना (लिहिताना चालतं), मी अजून 'सरकार'च म्हणतो. तेही कुठे, तर इकडे आखातात, रास अल खोरच्या काचांच्या गोदामात, जिथे मी फोरमन आणि ते माझ्या हाताखालचे हेल्पर! त्यांना इथे चिकटवलं तेही मीच. हसा खुशाल.

मंगळवारी सरकार लायसन नसताना फोर्कलिफ्टवर चढले. "सरकार, राहू द्या," एवढंच मी म्हणालो. दुसरा कुणी असता तर कॉलर धरून खाली ओढला असता. काचांची थप्पी कोसळली आणि शेजारी काम करणाऱ्या तुकारामचा पाय मोडला.

त्याला हॉस्पिटलात नेल्यावर मॅनेजर फहदने आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं. "किसने चलाया? नाम बोलो. नहीं तो समाधान, फोरमन तुम हो, तुम्हारा खलास."

माझं खलास म्हणजे बायको विनिताचा आणि अस्मीचाही व्हिसा गेला. लेकीची शाळा इथे, मैत्रिणी इथे. गाव तिने फक्त सुट्टीत पाहिलंय. मी सरकारांकडे पाहिलं. आता सांभाळून घ्यायची पाळी गढीची होती. सरकार आपल्या बुटांकडे बघत राहिले.

"सरकार ने," मी म्हणालो.

"सरकार? गव्हर्नमेंट ने फोर्कलिफ्ट चलाया?" फहद भडकला. "मजाक करता है?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला एकदम संताप आला. सरकारांचा, पणजोबांचा, सगळ्यात जास्त स्वतःचा.

"धनंजय," मी म्हणालो. "धनंजय ने चलाया."

फहदने त्यांचं ओळखपत्र काढून घेतलं. बाहेर पडताना सरकार माझ्यापाशी थांबले. शिव्या घालतील असं वाटलं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नोकरी गेली त्याचं काही नाही रे," ते म्हणाले. "पण चारचौघांत... साधं 'राव'सुद्धा लावलं नाहीस?"

तुकारामचा पाय मी डोळ्यांपुढे आणून बघितला. अस्मीलाही आणलं. तरी माझी मान खाली गेलीच.

"चुकलो, सरकार," मी म्हणालो.