तो तारा नव्हताच

दिशा पगारेने तारा शोधला, ही बातमी वसाहतीत सगळ्यात आधी तिच्या वडिलांनी पसरवली.

गोटीराम पगारे नाशिकला द्वारकेच्या चौकाजवळ ट्रकचं वायरिंग करतात. हेडलाइट लागत नाही, सेल्फ उचलत नाही, असल्या तक्रारी घेऊन ड्रायव्हर त्यांच्याकडे येतात आणि काम होईपर्यंत स्टुलावर बसून घरची चौकशी करतात. मुलगी काय करते, या प्रश्नाला गोटीरामांकडे दोन वर्षं धड उत्तर नव्हतं. एम.एस्सी. झाली इथपर्यंत ठीक होतं. पुढे काय? "घरूनच काम करती. पुण्याच्या मॅडमचं. ताऱ्यांचं हाय कायतरी." ऐकणारा हमखास विचारायचा, "म्हणजे ज्योतिष का?" मग गोटीराम वायर सोलत राहायचे.

काम सांगायला तसं अवघड नव्हतं, पण दिशालाही ते घरी कधी नीट समजावता आलं नव्हतं. पुण्यातल्या एका संस्थेत मोहिनी मॅडम उजेड कमी-जास्त होणाऱ्या ठिपक्यांचा अभ्यास करायच्या. दुर्बीण आकाशाचा तोच तो तुकडा पुन्हा पुन्हा टिपते. प्रत्येक ठिपक्याचा उजेड त्या त्या दिवशी किती होता, हे आकडे तारखेप्रमाणे मांडले की एक रेघ तयार होते. तिला प्रकाशवक्र म्हणतात. रेघेच्या आकारावरून ठिपक्याची जात ओळखायची. झटकन चढून सावकाश उतरणारी रेघ असेल तर तो फुगणारा आणि आकसणारा तारा. एरवी सपाट पण ठरावीक अंतराने खड्ड्यात पडणारी रेघ असेल तर ते दोन तारे, एकमेकांभोवती फिरताना एकमेकांना झाकणारे. असे लाखो ठिपके असतात. बहुतेकांची वर्गवारी कॉम्प्युटर करायचा. ज्यांच्याबद्दल त्याची खात्री नसेल ते दिशाकडे यायचे. सकाळी आईबरोबर चहा झाला की ती खिडकीपाशी लॅपटॉप उघडायची आणि रेघा बघत बसायची.

मागच्या उन्हाळ्यात तिला एक रेघ सापडली. तीन संथ लाटा, एकीसारखी दुसरी, प्रत्येक वर्षाहून थोडी मोठी. ठिपका इतका मंद की त्याच्या रंगाची नोंदही धड नव्हती. आधीच्या कुठल्या यादीत तो नव्हता. वर्षभराच्या चालीने उजळणारा आणि विझणारा तारा असेल, असं तिने लिहिलं. मोहिनी मॅडम म्हणाल्या, "चांगलं आहे. संभाव्य तारा म्हणून टाकू यादीत."

रात्री जेवताना तिने घरी सांगितलं. गोटीरामांनी घास खाली ठेवला.

"म्हणजे हा तारा आधी कोणी पाह्यलाच नव्हता?"

"तसं दिसतंय, पप्पा. पण अजून..."

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी द्वारकेला स्टुलावर जो बसेल त्याला ते सांगत होते. त्यातला एक जण एका स्थानिक पेपरात बातम्या द्यायचा. त्याने फोन करून दिशाशी बोलून घेतलं, फोटो मागवला, आणि 'नाशिकच्या लेकीने शोधला तारा' अशी चौकट छापून आली. 'संभाव्य' हा शब्द वाटेत कुठेतरी गळाला होता. मग वसाहतीच्या मंडळाने तिचा गुणगौरव करायचं ठरवलं. अध्यक्ष कारभारी अहिरे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, हातात घेतलं की तडीस नेणारे. बुद्धविहाराच्या फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर दिशाचा पदवीदानाच्या झग्यातला फोटो होता आणि वर तिच्या डोक्यापेक्षा मोठी चांदणी.

कार्यक्रम रविवारी होता. शुक्रवारी दुर्बिणीची पुढच्या दीड वर्षाची नवी निरीक्षणं एकगठ्ठा आली.

चौथी लाट यायला हवी होती, ती आली नाही. रेघ चढायच्या जागी घसरली, मग एकदम उसळली, मग मधेच रेंगाळली. दिशाला आधी वाटलं, निरीक्षणातच गडबड असेल. तिने शेजारच्या ठिपक्यांच्या रेघा काढून पाहिल्या. त्या सरळ होत्या. म्हणजे दुर्बीण बरोबर होती. तिने मोहिनी मॅडमना फोन लावला.

"शेजारचे तपासलेस?" मॅडमनी विचारलं.

"तपासले. ते स्थिर आहेत."

"मग आपण चुकलोय, दिशा. थांब, दुसऱ्या दुर्बिणीची निरीक्षणं मागवते. उद्या बोलू."

शनिवारी दुपारी फोन आला. मॅडमचा आवाज चक्क खुशीत होता. "अगं, तो तारा नाहीच. क्वेसार आहे. त्याचा उजेड ठरावीक चालीने बदलतच नव्हता. योगायोगाने तीन लाटा दिसल्या, आणि तीन दिसल्या की चौथी येणारच असं माणसाला वाटतं. मलाही वाटलं होतं."

"मॅडम, उद्या माझा सत्कार आहे. तारा शोधल्याबद्दल."

"अरे बापरे," मॅडम म्हणाल्या. "काय करणार आहेस?"

"आधी घरी सांगते," दिशा म्हणाली.

गोटीराम संध्याकाळी घरी आले ते नवा शर्ट घेऊनच. दिशाने त्यांना हातपाय धुऊ दिले, मग सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे आणखी कोणाला ठाऊक हाय?"

"मोहिनी मॅडमना आणि मला."

"मग उद्याचा दिवस जाऊ दे. सोमवारपासून त्याला तारा म्हण, नको म्हणू, तुझं तू बघ."

"पप्पा, कारभारी काका माझ्या हातात माईक देणार आहेत."

"आभार मानायचे आन बसायचं. एवढी माणसं येणार, त्यांच्यासमोर माझं तोंड..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. शर्टाची पिशवी खाटेवर टाकून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

चांगुणाबाई, दिशाची आई, भाकऱ्या करत होत्या. त्या तव्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "काय बोलायचं ते तुझं तुला ठरवायचं. पण जे बोलशील ते नीट समजेल असं बोल. आम्हाला तुझं काम आजपर्यंत कळलेलं नाही."

रविवारी सकाळी विहार भरून गेला. वंदना झाली, बुद्धांच्या मूर्तीला आणि बाबासाहेबांच्या फोटोला फुलं वाहिली गेली. कारभारी काकांनी दिशाच्या खांद्यावर शाल घातली. शिकलेली मुलगी वसाहतीला कुठवर घेऊन जाते, यावर ते बराच वेळ बोलले. वसाहतीतल्या शिकवणीच्या क्लासवाल्यांकडून त्यांनी प्रोजेक्टर आणवला होता, कारण दिशाने ताऱ्याचा फोटो दाखवावा अशी सगळ्यांची इच्छा होती. गोटीराम दुसऱ्या रांगेत नव्या शर्टात बसले होते. त्यांनी दिशाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

तिने माईक घेतला.

"मी ज्याला तारा म्हटलं होतं, तो तारा नाही. परवा नवी निरीक्षणं आली, त्यात कळलं. माझी ओळखण्यात चूक झाली. हा सत्कार ज्यासाठी आहे, ते मी केलेलं नाही."

मागून कोणीतरी "काय म्हणली?" असं विचारलं, कोणीतरी त्याला सांगितलं. कारभारी काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. गोटीराम उठले आणि दाराबाहेर गेले. दिशाने त्यांना जाताना पाहिलं आणि माईक खाली घेतला.

पुढच्या रांगेत सखुबाई बसल्या होत्या. मंडईत भाजी विकणाऱ्या, आवाज सगळ्या विहाराला पुरेल असा. त्यांनी विचारलं, "मग हाय तरी काय तिथं?"

"म्हणजे?"

"अगं, तारा नाय म्हणतीस. पण दिसलं व्हतं ना कायतरी? ते काय हाय?"

आईचं कालचं बोलणं दिशाला आठवलं. तिने लॅपटॉप जोडला. "आजी, ते सांगते. पण आधी दुसऱ्या रेघा दाखवते. तुम्ही सगळ्यांनी सांगा, कुठल्या एकसारख्या दिसतात."

पडदे ओढले. पहिली रेघ भिंतीवर आली. दुसरी आली. तिसरी आल्यावर एका बाईने ओरडून सांगितलं, "ही पहिलीसारखी! पटकन चढती आन हळूहळू उतरती." चौथीवर वाद झाला. अर्धे लोक म्हणाले, ही सपाट आहे. सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या प्रतिभाताई उभ्या राहिल्या. "सपाट कशी? तिथे बघा, मधेच पडतेय. आणि पुढे परत पडतेय." त्यांनी भिंतीपाशी जाऊन बोट ठेवलं. "ह्या दोन्ही खड्ड्यांत फरक आहे. एक खोल आहे, एक उथळ."

"का असेल?" दिशाने विचारलं.

कोणी म्हणालं, मधे ढग आला असेल. तेव्हा तिने कारभारी काका आणि प्रतिभाताईंना समोरासमोर उभं करून एकमेकांभोवती फिरायला लावलं. विहारात हशा पिकला. "काका जास्त उजळ तारा आहेत असं धरा," दिशा म्हणाली. "प्रतिभाताई काकांच्या पुढे आल्या की जास्त उजेड झाकला जातो, खड्डा खोल पडतो. काका पुढे आले की कमी झाकला जातो." काका चालता चालता गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे उथळ खड्ड्याला मी जबाबदार." पुन्हा हशा झाला.

मग तिने शेवटची रेघ लावली. तीन लाटा आणि पुढची नवी मोडतोड. लोक पाहत राहिले. कोणी म्हणालं, याच्यात मेळच नाही. कोणी म्हणालं, सुरुवातीला तर बरी चालली होती.

"हेच ते," दिशा म्हणाली. "मी एवढाच भाग पाहिला होता. म्हणून तारा म्हटलं. याला क्वेसार म्हणतात. ही खरं तर खूप लांबची आकाशगंगा आहे. तिच्या मधोमध कृष्णविवर आहे, सगळं ओढून घेणारं. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू आत पडण्याआधी इतका तापतो, की आकाशगंगेतले सगळे तारे मिळून देणार नाहीत एवढा उजेड देतो. कधी जास्त वायू येतो, कधी कमी. म्हणून या उजेडाला नेम नाही. तो तिथून निघाला तेव्हा आपली पृथ्वी तयारही झाली नव्हती."

"आता गं बया," सखुबाई म्हणाल्या. "मग हे ताऱ्यापरीस लयच मोठं निघालं की."

दारातून आवाज आला, "पण आधी लाटा दिसल्या, त्या खोट्या व्हत्या का?"

गोटीराम चौकटीला टेकून उभे होते. कधी परत आले होते कोण जाणे.

"नाही पप्पा. उजेड तसाच आला होता. मी त्याला नाव चुकीचं दिलं."

त्यांनी मान हलवली आणि ते दाराजवळच्या सतरंजीवर बसले. आपल्या दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर गेले नाहीत, पण शेवटपर्यंत थांबले. कार्यक्रम संपल्यावर दिशाने शाल घडी करून कारभारी काकांपुढे धरली. ते म्हणाले, "बेटा, शाल परत घ्यायची मंडळाची पद्धत नाही. आणि प्रोजेक्टर संध्याकाळपर्यंत आपल्याकडे आहे. क्लासची मुलं चारला येतात, त्यांनाही हे दाखव."

संध्याकाळी बापलेक बरोबरच घरी निघाले.

"मला राग आला व्हता," गोटीराम म्हणाले.

"माहीत आहे."

"अजून हाय थोडा. मला आधी नीट समजावलं असतंस तर मी असा गावभर बोंबलत फिरलो नसतो."

"तुम्ही ऐकून कुठे घेतलंत?"

"ते पण खरं हाय," ते म्हणाले, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी शेव घेतली, घरी सगळ्यांसाठी.

सोमवारी मोहिनी मॅडमचा फोन आला. "एक ठिपका फसवू शकतो तर आणखीही फसवत असतील. तू आजवर दिलेली नावं पुन्हा तपासशील?" दिशाने महिनाभर तेच केलं. नवी निरीक्षणं जोडून जुन्या रेघा पुढे नेल्या. बऱ्याचशा लाटा मोडल्या. खात्री नसली तरी कॉम्प्युटरचाही आधीचा अंदाज तारा असाच होता. असा फसवा ठिपका कुठे ओळखू येतो आणि कुठे येत नाही, हे तिने मांडलं. मॅडमनी त्यात भर घातली, आणि दोघींच्या नावाने शोधनिबंध गेला. तो छापून यायच्या आतच संस्थेत पीएच.डी.साठी दिशाची निवड झाली. जानेवारीत तिला पुण्याला जायचं होतं.

डिसेंबरमधल्या एका सकाळी गोटीराम कामावर निघता निघता तिच्या मागे येऊन थांबले. पडद्यावर एक लाट होती. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, सगळ्या एका चालीच्या.

"ही नाय मोडली?"

"नाही. रंगही जुळतोय, असे तारे लालसर असतात. हा खराच तारा असावा, पप्पा. कुठल्या यादीतही नाही बहुतेक."

"बहुतेक ना?"

"बहुतेक."

"मग मी अजून कोणाला सांगत नाय," गोटीराम म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले. "ते रंगाचं कसं कळतं, ते सांग आता. निवांत सांग. गिऱ्हाईक थांबंल."