जेनेटचं ‘तू’

इंग्रजांच्या राजाचं मुंडकं उडालं, बिशपांच्या गाद्या गेल्या, देवळातल्या रंगीत काचा फुटल्या, तरी डेंटच्या खोऱ्यात रोलंड हेगार्थच्या घरात तसूभरही काही हललं नव्हतं. मेंढ्या वेळेवर व्यायच्या, चुलीसाठी कापलेल्या पीटच्या, म्हणजे डोंगरातल्या जळाऊ मातीच्या, विटा वेळेवर वाळायच्या, आणि जेनेट आपल्या नवऱ्याला ‘अहो’ म्हणायची.

हललं ते त्या उन्हाळ्यात. डोंगरमाथ्यावर एक फिरता उपदेशक आला. ना देऊळ, ना घंटा. उघड्या कातळावर उभा राहिला आणि वाऱ्याशी बोलावं तसा बोलला. जेनेट विणकाम हातात घेऊनच गेली होती. इथल्या बायका चालताना विणतात, गाताना विणतात, भांडतानाही विणतात.

“देवापुढे माणूस एकटाच उभा राहतो,” तो म्हणाला. “मग एकट्याला ‘तुम्ही’ कशाला? तो काय दोघं-तिघं आहे? मोलकरणीला तू आणि मालकाला तुम्ही, ही जिभेची लबाडी झाली.”

जेनेटच्या सुया थांबल्या. शेजारच्या सिबिलने लगेच तिच्या तोंडाकडे पाहिलं. बाईच्या सुया थांबल्या म्हणजे एक तर प्रेम नाहीतर मरण, असंच तिथे समजत.

जेनेट घरी परतली ती ‘मित्रां’मधली एक होऊन. ते स्वतःला मित्र म्हणत. लोक त्यांना थरथरे म्हणत, कारण प्रार्थनेत त्यांचं अंग कापायचं. पुढच्याच बाजारात जमीनदार सर जेर्व्हस घोडा थांबवून तिने विकायला आणलेल्या मोज्यांकडे बघत म्हणाला, “ऊबदार आहेत का गं?”

“तूच हात घालून बघ, जेर्व्हस,” ती म्हणाली.

बाजारातल्या साऱ्या माना वळल्या. घोड्यानेही कान टवकारले. सर जेर्व्हसचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. पण तोवर हात मोज्यात गेलेलाच होता आणि मोजा खरंच ऊबदार होता. तो तसाच निघून गेला.

“अगं, ती जीभ आहे की कात्री?” सिबिल म्हणाली.

जमीनदाराला तू म्हणणं सोपं होतं. घराचा उंबरा ओलांडला आणि जीभ टाळूला चिकटली.

त्याला कारण होतं. रोलंड मुळात तिच्या बापाचा गडी. ‘ए रोलंड, तू ऊठ. तू मागे बस. तू तिकडे खा.’ अख्खं तरुणपण त्याने हा ‘तू’ पाठीवर झेलला. जेनेटही म्हणायची, पण डोंगरावर पीट कापताना, वाऱ्याच्या आडोशाने, खालच्या आवाजात. मग लग्नाच्या पंगतीत, बापासमोर, साऱ्या भावकीसमोर, तिने ओटच्या भाकरीचं ताट पुढे केलं आणि म्हणाली, “तुम्ही घ्या ना आणखी.” बापाला ठसका लागला. रोलंडने मान वर केली, आणि तेव्हापासून ती मान वरच राहिली. ते ‘तुम्ही’ हा तिने त्याला केलेला आहेर होता. दिलेला आहेर परत कसा मागायचा?

म्हणून ती दोन्ही शब्द टाळायला लागली. ‘तुम्ही’ म्हणावं तर खोटं, ‘तू’ म्हणावं तर घाव. मधे सापडला बिचारा मॉस, त्यांचा कुत्रा.

“मॉस, सांग कुणाला तरी, भाकरी निवतेय.”

“मॉस, तिला म्हणावं, येतोच आहे.”

मॉस एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे. भाकरी काही त्याला मिळायची नाही.

शरद आला. मेंढ्यांना थंडीचा लेप लावायचे दिवस. गोठ्यातल्या बाकावर मेंढी आडवी घालून रोलंड लोकरीत भांग पाडत जायचा आणि भांगाभांगातून डांबर-लोण्याचा लेप बोटाने चोळत जायचा. जेनेट मेंढीचं डोकं धरून बसायची. दोघांच्या मधे मेंढी, आणि मेंढीपेक्षा मोठी शांतता. जेनेट विणकरणींचं गाणं गुणगुणायची:

एक सुई उजवीकडे, एक सुई डावीकडे गं,
मधे जीव टाक्याचा, त्याने बघावं कुणाकडे गं.

अशाच एका दुपारी सिबिल लेप मागायला आली. डबा हातात पडला तरी पाय निघेना.

“काय हो रोलंडभावजी, बायको साऱ्या जगाला तू म्हणते. तुम्हाला काय म्हणते?”

रोलंडचं बोट लोकरीत थांबलं. “मला?” तो म्हणाला. “मला ती काहीच म्हणत नाही.”

हे तो रागाने म्हणाला असता, तर जेनेटने सोसलं असतं. तो ते पाऊस थांबला म्हणावं तसं म्हणाला. सिबिलसारखी सिबिल, तीही खाली बघून निघून गेली.

त्या संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. जेनेट चुलीवर मटणाचा रस्सा ढवळत होती आणि दुपारचं ते वाक्य तिच्या छातीत कुसळासारखं टोचत होतं. दार उघडं होतं, बाहेर मॉस चिखलात लोळत होता. तिने मान न वळवताच हाक मारली, “ये रे आत! किती भिजशील? तुझ्यासाठी ठेवलंय ना वेगळं.”

मॉस आला. त्याच्यामागे रोलंडही आला.

त्याने टोपी काढली, खुंटीला लावली, आणि चुलीपाशी बसला. बराच वेळ हात शेकत राहिला.

“मला वाटलं होतं, चीड येईल,” तो हळूच म्हणाला. “कधी ना कधी तू म्हणणार, हे ठाऊक होतं. तेव्हा ताट भिरकावीन, असं ठरवलं होतं मी. पण नाही आली चीड. पीट कापायला जायचो ना आपण, ते आठवलं.”

जेनेटचा डाव रश्श्यात तसाच राहिला. त्याचे डोळे ओले होते, आणि इतक्या महिन्यांनी तो तिच्याकडे सरळ बघत होता.

बोलायची काहीच गरज नव्हती. गप्प राहिली असती तर सगळं सुरळीत झालं असतं. मॉस थोडाच सांगणार होता! पण ज्या खरेपणापायी तिने भर बाजारात जमीनदाराला तू म्हटलं, त्याला घरातच चुलीत घालायचं?

“ते मॉसला म्हटलं होतं,” ती म्हणाली.

रोलंडने मॉसकडे पाहिलं. मॉसने शेपटी हलवली. रोलंड उठला, टोपी डोक्यावर चढवली आणि पावसात निघून गेला.

जेनेटने हातातला डाव खाली टाकला. शालही घेतली नाही. तो दगडी कुंपणापाशी पाठमोरा उभा होता.

“रोलंड, तू आत ये,” ती म्हणाली. “कुत्रा आत आहे. चुलीपाशी आहे. इथे दुसरं कुणी नाही. मी तुला म्हणतेय.”

तो वळला नाही. “सिबिलसमोर म्हणशील?”

“सिबिलसमोर, जेर्व्हससमोर, सगळ्यांसमोर.”

“मग लग्नात म्हणालीस ते? ते खोटं?”

पाऊस तिच्या पापण्यांवरून ओघळत होता. “ते खरंच होतं. तिथे तू एकटा होतास, आणि समोर माझी सगळी भावकी. त्या दिवशी मला तू दहा जणांएवढा हवा होतास.”

“आणि आज?”

“आज एकच हवाय.”

तो वळला. डांबराने काळे झालेले हात त्याने कोटाला पुसले, तरी काळेच राहिले. मग काहीतरी सुचल्यासारखा म्हणाला, “बरं. मग मी तुला काय म्हणायचं?”

“तू मला तूच म्हणतोस. पहिल्यापासून.”

“पहिल्यापासून?”

“लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तर नक्कीच.”

रोलंड विचारात पडला. कळपातली एखादी मेंढी कित्येक वर्षं कुणी मोजलीच नव्हती आणि आज दिसली, तसा त्याचा चेहरा झाला. “आणि तू मला तुम्ही, मी तुला तू. अगं, मग बोलायचं नाही का?”

“बोलले असते, तर तुम्ही ऐकलं असतंत?”

शब्द निसटला. तिने जीभ चावली. रोलंडने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कुंपणापलीकडेही वाकून बघितलं.

“तुम्ही कोण?” तो म्हणाला. “इथे तर मी एकटाच आहे, जेनेट.”

ती हसली, तो हसला, आणि आत मॉसने चुलीवरच्या रश्श्याचं काय केलं, ते दोघांनाही बऱ्याच वेळाने कळलं.