ओर्लाला मागणी

मुलगी मागायला जातात तसे आम्ही गोलकीपर मागायला गेलो, हे सांगायची मला अजून लाज वाटते. कल्पना अर्थातच उल्हासदादाची.

गॉलवेतला आमचा बायकांचा हॉकी संघ त्या उन्हाळ्यात निम्मा रिकामा झाला. कुणाला डब्लिनला नोकरी लागली, कुणी बाळंतपणाला पुण्याला गेली, आणि गोलकीपर गिरिजा तर थेट सिडनीला. मी कॅप्टन, उल्हासदादा कोच. नव्या मुली जमवल्या, पण गोलात उभं राहायला एकही तयार होईना. सीझन सुरू व्हायच्या आत गोलकीपर मिळाली नाही, तर लीगमधून आमचं नाव कटणार होतं. हा संघ मी उभा केलेला. नुसत्या विचारानेही मला रडू यायचं.

शहरापलीकडच्या मोठ्या क्लबात ओर्ला नावाची तरुण गोलकीपर कायम बाकावर बसलेली असायची. तिची नोंदणी संपली होती, पण आमच्या लीगमध्ये अशा खेळाडूवर पहिला हक्क जुन्या क्लबाचा. दुसरा संघ जे देऊ करेल ते जुन्या क्लबाला कळवायचं, आणि तेच त्यांनी तीन दिवसांत देऊ केलं, की खेळाडू त्यांचीच. आमच्याकडे द्यायला एकच गोष्ट होती, प्रत्येक मॅचला गोलातली जागा.

“मग तिच्यामागे लागायचंच कशाला?” आमची स्वराली म्हणाली. “ते लगेच ठेवून घेतील तिला. त्यापेक्षा आपल्यातल्याच कुणाला तरी ट्रेन करू या ना.”

“कुणाला? तू उभी राहतेस?” मी खेकसले.

माझा बेत साधा होता. सोमवारी बँक हॉलिडेची सुट्टी होती; त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांना मेल टाकायचा. कुणी उघडून बघेपर्यंत मुदत संपेल.

“छे, छे!” उल्हासदादा म्हणाला. “दुसऱ्यांच्या घरातलं माणूस न्यायचं, तर दारात जाऊन विचारायचं. असं चोरून नाही.”

आणि हा गृहस्थ माधवीवहिनींनी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा घेऊन मला त्या क्लबात घेऊन गेला! त्यांच्या अध्यक्षांनी दोन लाडू खाल्ले, “ग्रँड, ग्रँड” म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी ओर्लाला पहिल्या संघात जागा देऊन मोकळे झाले. डबाही तिकडेच राहिला.

“लाडू खायला घालून आपणच त्यांना जागं केलं,” मी फणकारले.

“पोरीला जागा तर मिळाली,” उल्हासदादा म्हणाला. त्यानंतर मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते.

पुढच्या प्रॅक्टिसला मैदानाशी एक गाडी थांबली. चाळिशी उलटलेली, उंच, आखूड पिकल्या केसांची बाई उतरली. मी ओळखलं. मॉरीन, त्या क्लबाची गोलकीपर. तिच्यासमोर आम्हाला कधी धड गोल करता आला नव्हता. हातात आमचा डबा होता.

“धुतलाय,” ती म्हणाली. “सॉरी, रिकामाच आहे. आमच्या मुलींनी एक लाडू ठेवला नाही.”

“आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत हं,” उल्हासदादा आपला चेष्टेने म्हणाला.

मॉरीन हसली नाही. ती गाडीकडे गेली, डिकी उघडली आणि पॅड्स, हेल्मेट काढून गवतावर ठेवलं.

“ओर्लाला माझी जागा दिली. चांगलं झालं, पोरगी गुणी आहे. मला म्हणाले, तू आता बाकावर बस. पण मला अजून बसायचं नाही.” ती माझ्याकडे बघत होती. “माझ्यासाठी कुणी लाडू घेऊन येणार नाही. आणि मला ठेवून घ्यायलाही कुणी धावणार नाही. तुम्हाला मी चालेन?”

ओर्ला ओर्ला करताना हिचं काय होईल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

“पण आधी त्यांच्या अध्यक्षांना एकदा विचारून—” उल्हासदादाने सुरुवात केली.

“उल्हासदादा, तू गप्प बस!” मी ओरडले आणि मॉरीनची पॅड्स उचलली. मग डबा त्याच्या हातात दिला. “वहिनींना सांग, परत भरा. या वेळी आपल्या घरच्या माणसासाठी.”