गौरजाची दुपारची पेज

आमची सून सारिका सासऱ्याच्या आधी जेवते. ओरोसच्या ऑफिसातून संध्याकाळच्या एसटीने येते, हातपाय धुते, दीड वर्षाच्या गौरजाला मांडीवर घेते आणि सरळ ताटावर बसते. एकाच ताटात दोघी. एक घास पोरीला, एक स्वतःला. पोरीने चघळून बाहेर काढलेला घाससुद्धा ही खाते. तिकडे आमचे हे खुर्चीत वाट बघतायत आणि सून तोंड हलवतेय! वैभववाडीत, तिच्या माहेरी, असेल तशी रीत. तोंडवलीत नाही. या घरात चाळीस वर्षं मी सगळ्यांना वाढून, भांडी विसळून, मग भिंतीकडे तोंड करून जेवले. माझ्या पोरांनी मला जेवताना बघितलं असेल तर शपथ.

आणि जेवण तरी कसलं? एकाच टोपात सगळ्यांचं. मऊ भात, मूगडाळ, दुधी. आधी पोरीचं काढायचं, मग मोठ्यांसाठी तिखट-मीठ. एकदा मीठ घालायचं विसरली, तर यांनी मुकाट गिळलं. मी विसरले असते तर ताट अंगणात गेलं असतं.

तेही मी चालवून घेतलं असतं. माझा मुलगा देवेश बोटीवर, सहा-सहा महिने घरी नाही, बायको नोकरी करते, करू दे. पण मागच्या महिन्यात अंगणवाडीच्या नर्मदाने गौरजाला वजनाच्या काट्याला टांगलं आणि कागदावरचा टिपका पिवळ्या पट्ट्यात पडला, म्हणजे वजन कमी.

‘‘अक्का, दुपारचा काय खाता ही?’’ नर्मदाने चारचौघींत मला विचारलं. मला! जिने चार पोरं उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढवली, तिला! वर म्हणाली, ‘‘पुढल्या म्हयन्यात मंगळवारी परत वजन करूया. तेव्हाय वाढला नाय तर डॉक्टराक दाखवूक व्हया.’’

दुपारी पोर माझ्याकडे असते, आणि दुपारीच ती खात नाही. संध्याकाळी आईच्या मांडीवर वाटीभर खाते, दुपारी माझ्यासमोर ओठ शिवून बसते. हे काय ते मला उमजेना.

पेज शिजवून रवीने घुसळली. नको. नाचणीचं सत्व गूळ घालून आटवलं. थुंकली. मुडदुशे आणले. मऊ मासा, काटे कमी. आमच्याकडे बाळंतिणीला आणि पोरांना हाच देतात. दोनदा बोटांनी चाचपून काटे काढले, भातात कुस्करला. तोंड फिरवलं. मला वाटलं, सारिका गुपचूप साखर घालत असणार. म्हणून एका संध्याकाळी मीच रांधलं, दुपारी केलं होतं अगदी तसंच, आणि सारिकाच्या ताटात वाढलं. पोरीने ताट पुसून खाल्लं.

म्हणजे खोट रांधण्यात नाही. मग कशात? माझ्या हातात?

नजर लागली म्हणावं तर संध्याकाळी बरी उतरते ती नजर! तरीही मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका मलाच लागला.

‘‘तुझ्या तोंडाक भियाता ती,’’ हे म्हणाले.

‘‘तुमी चाळीस वर्सां भियालात,’’ मी म्हटलं, ‘‘म्हणान उपाशी ऱ्हवलात?’’

वजनाच्या आदल्या दिवशी नेमका सोमवार. देवेश दोन वर्षांचा असताना तापाने फणफणला, तेव्हापासून मी रामेश्वराचे सोमवार धरलेत. दिवस मावळेपर्यंत अन्नाचा कण घेत नाही. पोरीसाठी मूग घालून पेज केली, फुंकून निववली, चमचा पुढे केला. ओठ बंद.

‘‘खा गो बाय माझी. उद्या ती नर्मदा माझी लाज काढतली.’’

गौरजाने वाटीत हात घातला, मूठभर पेज उचलली आणि माझ्या तोंडाशी आणली.

‘‘माका नको गो. माझो सोमवार.’’ मी तोंड फिरवलं. तिनेही फिरवलं, अगदी माझ्यासारखं. परत चमचा नेला, परत तिची मूठ माझ्या तोंडाशी. तिसऱ्या वेळी वाटी ढकलली आणि रडायला लागली. ते हट्टाचं रडणं नव्हतं. पोटातलं होतं, आईला आणि आजीला कळतं ते. भुकेली पोर, भरली वाटी, आणि तिचे डोळे चमच्याकडे नव्हतेच. माझ्या तोंडाकडे होते.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. हिने माझा हात बघितलाय. माझं तोंड खाताना कधी बघितलेलंच नाही.

मी देवाच्या फळीकडे पाठ केली आणि तोंड उघडलं. तिने मूठ आत कोंबली, मी चावते की नाही ते नीट बघितलं, गिळल्यावर स्वतःचं तोंड उघडलं. एक तिला, एक मला. वाटी संपली. वर आणखी मागितली.

पोर झोपली आणि माझं डोकं गरगरायला लागलं. उपवास मोडला म्हणायचा की काय? घास मी घेतला नाही, मला भरवला. पण गिळला मीच. मुलासाठी धरलेला नेम त्याच्याच पोरीसाठी मोडला, तर देव रागावतो की हसतो? यांना विचारलं. म्हणाले, ‘‘चाय टाक.’’

संध्याकाळी सारिका आली. पिशवीतून केळी काढून माझ्यापुढे ठेवली. ‘‘आई, सकाळपासून उपाशी आहात, आधी हे घ्या. गौरजाने दुपारी खाल्लं का काही?’’

‘‘खाल्ल्यान. दोन वाटये.’’

‘‘खरंच? काय केलंत?’’

‘‘केळी ऱ्हवांदेत. माझो सोमवार मोडलो. तुझ्या चेडवान मोडल्यान. आता ऐक. सासऱ्याआधी जेवता ती सून माका आज पटना नाय आणि उद्याय पटूची नाय. तां चुकीचाच. पण समोरचा माणूस खाता तां बघून ह्या पोर खाता, ह्या माका तू आधी सांगूक व्हया होता. ऑफिसात बोलतंस आणि घरात मुकी? एक म्हयनो चेडू माझ्यासमोर उपाशी ऱ्हवला, तो गुन्हो तुझो. उद्यापासून दुपारी मी तिच्या ताटात जेवतलंय. आणि सोमवारचा काय करूचा, तां तू ठरव. माका कायएक समजना नाय.’’