बाटलीतली मुळं

विंचरून झालं की गळालेले केस गुंडाळायचे, त्यावर तीनदा थुंकायचं आणि भिंतीच्या भेगेत कोंबायचे, हा मंजुळाबाईचा रोजचा नेम. केस कुणाच्या हाती लागला की करणी झालीच म्हणून समजा! आणि त्याच बाईने अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत काय करावं? बहिणीचा इंद्रभान मुंबईच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तो गावी वरवट बकालला आला, आणि हिने पोटच्या पोरीच्या डोक्यामागचा कातडीचा गव्हाएवढा तुकडा, केसांच्या मुळांसकट, त्याच्या हवाली केला.

करते काय बिचारी? लहानपणी आधण सांडून पंचफुलाचं अर्धं डोकं भाजलेलं. तिथे पुन्हा केस उगवला नाही. सोळा वर्षांची झाली, पण चारचौघांत डोक्यावरचं फडकं सोडायची नाही.

"मावशी, मुळं बाटलीत जित्ती ठेवतो. वाढली की भाजल्या जागी लावून पाहू," इंद्रभान म्हणाला होता.

जित्ती! तेव्हापासून बाईची झोप उडाली. म्हणजे पोरीचा जीव आता दोन ठिकाणी. बाटली फुटली तर? कुणाची नजर लागली तर? नवऱ्याला, अर्जुनरावाला सांगितलं, तर तो हसला. "येडी झाली का व तू?"

पौषात इंद्रभानचं कार्ड आलं. पोस्टमन भगवानरावांनी दारातच वाचून दाखवलं. "मावशी, पुष्कळ जपलं, पण बाटलीतली पंचफुलाची मुळं परवा मेली."

पोरगी कापूस वेचायला गेलेली, आणि सकाळीच डोकं दुखतं म्हणाली होती! बाई अनवाणीच धावत सुटली. वावरात कुणी नाही. धुऱ्याच्या बांधावर नुसतं फडकं पडलेलं.

"पंचफुले! कुठी हायेस व माय?"

"काऊन वो माय?" निंबाआड बसून पोरगी उघड्या डोक्याला वारा देत होती.

बाईने तिला कवटाळलं. कपाळ चाचपलं, थंडगार होतं. ती रडता रडता हसू लागली. "जित्ती हायेस! मुळंच मेली व, बाटलीतली. तुले काही झालं नाही!"

पंचफुला हळूच म्हणाली, "म्हंजे आता मले केस येनार नाहीत?"

हे मंजुळाबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतके दिवस तिने फक्त मरणाचीच धास्ती घेतली होती. मग तिने स्वतःचा अंबाडा सोडला.

"इंद्रभानले लिव," ती म्हणाली. "आता माह्या डोक्यातलं ने म्हना."