तीन मिनिटांची वाळू

मित्रांनो, मी एक जुने वाळूचे घड्याळ आहे. कायदे जिथे तयार होतात त्या सभागृहात, अध्यक्षबाईंच्या आसनासमोरच्या टेबलावर मी बावीस वर्षे काढली. मला फक्त एकच गोष्ट मोजता येते, ती म्हणजे तीन मिनिटे.

एका काचकाम करणाऱ्या नवरा-बायकोने मला घडवले. त्याने काच फुंकली. तिने वाळू तीनदा चाळली, तव्यावर भाजून कोरडी केली आणि माझ्यात भरली. मग एक चांगले घड्याळ शेजारी ठेवून मला पुन्हा पुन्हा उलटे केले. शेवटचे काही कण तर तिने चिमट्याने काढले. पाण्याच्या घड्याळात वर पाणी जास्त असले की ते जोरात वाहते. वाळूचे तसे नसते. वर मूठभर असो की चिमूटभर, ती मानेतून एकाच चालीने उतरते. म्हणून तर माणसे माझ्यावर विसंबतात.

माझे काम सोपे होते. मतदान पुकारले की घंटा वाजायची. टेबलावरची लिपिक मला उलटे करायची. तिला सगळे ताई म्हणत. शेवटचा कण पडला की ती हात वर करायची आणि दारावरचे कडीकाका कडी घालायचे. मग आत असेल त्याचेच मत. मंत्री जरी बाहेर राहिला, तरी काका दार उघडत नसत. "अजब न्याय आहे, चिमूटभर वाळू मंत्र्याला अडवते!" असे म्हणून पाहुणे माझे कौतुक करायचे.

पण पुढे माझ्याकडे दुर्लक्ष झाले. पुसताना मी एकदा पडलो आणि दोन्ही काचा जोडणारे माझ्या मानेवरचे मेण तडकले. तेव्हापासून ओलसर हवा आत शिरू लागली. दमट दिवशी वाळू जड व्हायची, रेंगाळायची. सभासदांना हे ठाऊक होते. उपाहारगृहात हसून म्हणत, "आज हवा दमट आहे, घंटा झाली तरी अर्धा कप चहा होतो!" याचा फायदा दोन्ही बाजूंना व्हायचा, म्हणून तक्रार कुणीच केली नाही.

त्या दिवशी सकाळपासून मळभ होते. निवडणुकीचे नियम मोडणाऱ्यांच्या शिक्षेवर चर्चा चालली होती. मतदान केंद्रात घुसून मतपेटी फोडणाऱ्याला तोवर फक्त दंड होता. नव्या कलमात दोन वर्षे तुरुंग आणि सहा वर्षे निवडणूकबंदी होती. कलम मांडणाऱ्या बाई पेशाने डॉक्टर होत्या.

समोरच्या बाकावरचे जाडजूड सभासद उठले. "उत्साहाच्या भरात पोरं चुकतात, अध्यक्षमहोदया. चुकीला तुरुंग? उद्या शिंकलं तरी फाशी द्याल!"

डॉक्टरबाई ताडकन उठल्या. "शिंकताना हातात लोखंडी गज असतो का हो? मतपेटी फोडायची, दंड भरायचा आणि परत मिरवायचं! याला शिक्षा म्हणतात की प्रवेशफी?"

बाके वाजली. ताई मात्र मान वर करून प्रेक्षक गॅलरीकडे बघत होती. तिथे तिचे बाबा बसले होते. ते शिक्षक होते. एका निवडणुकीत मतदान केंद्र सांभाळताना मतपेटी सोडली नाही म्हणून गजाचा फटका बसला आणि त्यांचा डावा डोळा गेला. मारणाऱ्याने दंड भरला आणि संध्याकाळी तो घरीही गेला. या कलमाची त्यांनी नऊ वर्षे वाट पाहिली होती.

मतदान पुकारले गेले. घंटा घणघणली. ताईने मला उलटे केले.

डॉक्टरबाई डोकी मोजत होत्या. त्यांच्या बाजूचे तिघे दिसत नव्हते. कुणीतरी कुजबुजले, "चहा पितायत." बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

मी मोजत होतो. आणि मित्रांनो, शेवटची चिमूटभर वाळू वर असताना माझ्या मानेत एक ओला गोळा अडकला. धार तुटली.

हे फक्त ताईला दिसले. तिची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. तीन मिनिटे भरत आली होती. भरली. वर पाच सेकंद झाले, दहा झाले. माझ्यात एक कण हलत नव्हता. घंटा वाजतच होती.

दारातून कडीकाका हलकेच म्हणाले, "आले आले, जिन्यावर आहेत!" बाबांना ते ओळखत होते.

फक्त गप्प बसायचे होते. अर्ध्या मिनिटात ते तिघे आत आले असते. ताईच्या बोटांचा घाम माझ्या काचेला लागला. तिने एकदा वर गॅलरीकडे पाहिले. मग ती उभी राहिली.

"महोदया, वाळू अडकली आहे. तीन मिनिटं होऊन गेलीत."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. "खात्री आहे?"

"हो." तिने हात वर केला.

काकांचा हात कडीवर थबकला, मग कडी खाली आली. दुसऱ्याच क्षणी बाहेरून दारावर थापा पडू लागल्या. "अहो काका, उघडा! आम्ही आलोय!"

बाजूने अडतीस, विरोधात एकोणचाळीस. कलम पडले.

सभागृह रिकामे झाल्यावर ताई मला दुरुस्तीला द्यायला निघाली. दारात काका म्हणाले, "पोरी, घटकाभर डोळे मिटले असतेस तर काय बिघडलं असतं?"

"मग कडी तरी कशाला लावायची, काका?" ती म्हणाली.

जिन्याखाली बाबा उभे होते. त्यांनी मला हातात घेतले, उजेडात धरले आणि उजवा डोळा बारीक करून तो गोळा पाहिला.

"रागावलात, बाबा?"

"वाईट वाटतंय. हरलो आपण." त्यांनी मला तिच्या हातात परत दिले. "पण राग कसला यायचा? मी तरी कुठे पेटी सोडली होती? फक्त तुझ्या आईला तू सांग. ते काही मला जमायचं नाही."

तेवढ्यात डॉक्टरबाई मागून आल्या. त्या तिघांना त्यांनी हाताला धरूनच आणले होते. "गुरुजी, पुढच्या अधिवेशनात हे कलम पुन्हा आणते. आणि त्या दिवशी यांचा चहा बंद!" तिघांच्या माना खाली होत्या.

आता माझ्या जागी विजेचे घड्याळ आहे आणि मी कपाटात असतो. कलम अजून यायचे आहे. ती घंटा ऐकायला मी कान लावून असतो.

मित्रांनो, तुमच्याजवळही मोजणारे काहीतरी असेल. तराजू असेल, फूटपट्टी असेल, खेळातले गुण लिहिणारी वही असेल. त्याची निगा राखा. आणि ते तुमच्या बाजूने चुकू लागले ना, तर वाट न पाहता पहिल्यांदा तुम्हीच सांगा.