चौदा सह्या

माणसांना प्रश्न विचारून अभ्यास करायचा असेल, तर आमच्या कॉलेजात विद्यार्थ्याला आधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्यावी लागते. त्या कमिटीत एक साधा माणूस असावा असा नियम आहे. ती जागा माझी. बाकीचे डॉक्टर, प्राध्यापक. मी तिथल्याच वसतिगृहात एकतीस वर्षं आया होते आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकले. लोकांना सहीसाठी द्यायचा मराठी कागद वाचायचा आणि तो आपल्या माणसांना कळेल का, एवढं सांगायचं.

रोशनीच्या वेळी एवढंही मी पुरं केलं नाही. रोशनी आमच्या अंबरपेठच्या गल्लीतली, समाजकार्य शिकते. सफाई करणाऱ्या बायकांची दुखणी हा तिचा विषय. बैठकीत मी ओळीखाली बोट ठेवून तिसऱ्या मुद्द्यापर्यंत आले होते. सगळे माझ्यासाठी थांबलेले. कुणीतरी घड्याळ पाहिलं. मी म्हणाले, ठीक आहे.

चौथा मुद्दा घरी वाचला, तोही पुढची बैठक जवळ आल्यावर. कोणत्या बाईला काय दुखणं आहे, ते नावासह सफाईच्या कंत्राटदाराला कळवलं जाईल आणि सही करणारीला हे मान्य आहे, असं त्यात होतं. मी भांडी घासायला बसले. घासून झालेलीच परत घासली. दुखणं असलेल्या बाईला कंत्राटदार दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही.

सकाळी रोशनीकडे गेले. तिने हौसेने गठ्ठा पुढे केला. चौदा सह्या झाल्या होत्या, रविवारी, विहारात वंदनेनंतर. पुढच्या सोमवारपासून मुलाखती होत्या. कागद कुणी तयार केला, विचारलं. तिची शाळा इंग्रजीत झालेली, मराठी घरात बोलण्यापुरतं, लिहिता येत नाही, म्हणून कंत्राटदाराच्याच ऑफिसातल्या नांदेडच्या कारकुनाने तिच्या इंग्रजी कागदावरून करून दिला होता. तिच्या इंग्रजीत तीनच मुद्दे होते.

"मग तू वाचला नाहीस?"

"मला नीट वाचता नाही येत, आजी. त्या सगळ्यांपुढे अडखळत वाचू काय? त्यांनी हातात घेतला, बघितला, सही केली. मला वाटलं वाचला."

त्या बायकांना मीच शिकवते, दर रविवारी. बँकेत, रेशनवर अंगठा लावायची त्यांना फार लाज. म्हणून आधी सही शिकव, आक्का, असा त्यांचा हट्ट. सही आली की पुढच्या रविवारी त्या येत नसत आणि मी बोलवायला जात नसे. हातात कागद आला की थोडा वेळ त्याच्याकडे बघायचं आणि मग झोकात सही करायची, हे त्यांना आता चांगलं जमतं.

मी चौथा मुद्दा तिला वाचून दाखवला. तिने कागद माझ्या हातातून घेतला. मग घाईघाईने बोलू लागली. नावं ती देणारच नाही. कागद तसाच राहू दे. आता थांबलं तर परीक्षा पुढच्या वर्षावर जाईल, आणि एका संस्थेने परीक्षेनंतर कामाला घेतो म्हटलंय, तेही जाईल.

"तुम्ही काही बोलू नका, आजी. माझी शपथ."

मी दुपारभर हिंडत राहिले. शेवटी त्रिवेणीच्या दारात जाऊन उभी राहिले. तीही त्या चौदांतली. पाठीचं दुखणं तिने मुकादमापासून दोन वर्षं लपवलंय. कागद वाचलास का, विचारलं.

"हौ, वाचला की," ती म्हणाली. "तूच शिकवलंस ना? का परीक्षा घ्यायला आलीस?"

मी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात वाचून दाखवलं. तिचा चेहरा उतरला. पण ती पहिल्यांदा म्हणाली ते असं, "बाकीच्यांपुढं सांगू नको, आक्का, मला येत नाही म्हणून."

बुधवारी कमिटी बसली, मुलाखतींआधी सह्या तपासायला. मेधा मॅडम अध्यक्ष, मूळच्या पुण्याच्या. सह्या बघून त्या खूश झाल्या. सगळ्या शिकलेल्या दिसतात, म्हणाल्या, म्हणजे वाचून दाखवायला साक्षीदार नको. रोशनी माझ्याकडे बघत होती. मी कागद मॅडमपुढे सरकवला.

मी म्हणाले, "मॅडम, हा कागद कुणीच वाचलेला नाही. त्या बायकांनी नाही, या पोरीनं नाही. आणि मी तिसऱ्या मुद्द्यापर्यंतच वाचला होता. चौथा तुम्ही वाचा."

मॅडमनी वाचला. नंतर बराच वेळ त्या इंग्रजीत बोलत होत्या. परवानगी रद्द झाली. सह्या रद्द. कागद नवा करायचा, बायकांच्या घरी जाऊन साक्षीदारासमोर वाचायचा, पुढची बैठक महिन्याने.

बसथांब्यावर रोशनी माझ्यापासून लांब उभी राहिली. दोन बस गेल्या. मग जवळ आली.

"मला मराठी वाचता येत नाही, हे सगळ्यांसमोर कशाला सांगितलं?"

त्रिवेणीही असंच म्हणाली होती, हे मी तिला सांगितलं नाही. म्हणाले, "नवा कागद तू लिही. मी शेजारी बसते."

"माझं वर्ष गेलं, आजी."

"गेलं," मी म्हणाले.

अंबरपेठची बस आली. ती पुढच्या दाराने चढली आणि मागे न बघता जाऊन बसली. पिशवी तिने शेजारच्या जागेवर ठेवली होती. मी तिथे जाऊन उभी राहिले. तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली.